आरोपीच्या हातची तारीख

२४ मे २०२०. पूर्व जेरुसलेममधल्या सलाह अल-दीन रस्त्यावरचं जिल्हा न्यायालय. करोनाचे दिवस, त्यामुळे सगळ्यांच्या तोंडाला मास्क. इस्रायलचे पंतप्रधान बेंजामिन नेतान्याहू इमारतीत येतात, मागे त्यांच्या पक्षाचे मंत्री रांगेने उभे राहतात, आणि कॅमेऱ्यांसमोर ते पंधराएक मिनिटं भाषण ठोकतात: पोलीस, सरकारी वकील आणि डाव्या विचारांच्या माध्यमांनी मिळून आपल्याविरुद्ध कट रचला आहे. मग ते न्यायदालनात जातात. आरोपीसाठी बाक आहे, पण ते बसत नाहीत. छायाचित्रकार बाहेर जाईपर्यंत उभेच राहतात. आरोपीच्या बाकावर टेकलेला पंतप्रधान असा एकही फोटो निघू द्यायचा नाही, हे त्यांनी आधीच ठरवलं असणार. बरोबर आठवडाभरापूर्वी, १७ मे रोजी, त्यांनी पुन्हा पंतप्रधानपदाची शपथ घेतली होती.

मराठीत ‘तारीख’ म्हटलं की कोर्टाची तारीख आधी आठवते. तारीख पडते, तारीख मिळते, वकील तारीख मागून घेतो. त्या दिवशीची तारीख न्यायालयाने दिली होती. पण त्याआधीच्या सव्वा वर्षात त्या देशात आणखी तीन तारखा लागल्या होत्या: ९ एप्रिल २०१९, १७ सप्टेंबर २०१९ आणि २ मार्च २०२०. या तिन्ही निवडणुकीच्या. माझं म्हणणं या दुसऱ्या प्रकारच्या तारखांबद्दल आहे. देशाच्या प्रमुखावर भ्रष्टाचाराचा खटला असताना त्याने पायउतार व्हावं की नाही, यावर जगभर भरपूर लिहिलं गेलंय. निवडणूक कधी घ्यायची हे त्याने ठरवावं का, हा प्रश्न मात्र कोणी फारसा विचारत नाही. मला तोच जास्त महत्त्वाचा वाटतो.

आरोप काय आहेत ते थोडक्यात. पहिलं प्रकरण भेटवस्तूंचं: हॉलिवुडमधले निर्माते आर्नन मिल्चन आणि ऑस्ट्रेलियातले अब्जाधीश जेम्स पॅकर यांच्याकडून वर्षानुवर्षं येणारे सिगार आणि शॅम्पेनच्या पेट्या, एकूण किंमत सुमारे सात लाख शेकेल. दुसरं ‘येदिओत अहरोनोत’ या वृत्तपत्राचे मालक आर्नन मोझेस यांच्याशी झालेल्या बोलण्यांचं: तुम्ही आमच्याबद्दल बरं छापा, आम्ही तुमच्या प्रतिस्पर्धी पेपरला वेसण घालू. तिसरं सर्वांत गंभीर, आणि लाचेचा आरोप फक्त याच प्रकरणात आहे. बेझेक ही दूरसंचार कंपनी आणि वाला ही बातम्यांची साइट, दोन्ही शौल एलोविच यांच्या ताब्यात. कंपनीला फायद्याचे सरकारी निर्णय द्यायचे आणि बदल्यात साइटवर पंतप्रधान व त्यांच्या पत्नीबद्दल हव्या तशा बातम्या छापून घ्यायच्या, असा तो आरोप. नेतान्याहू सगळे आरोप नाकारतात. २०२३ मध्ये न्यायाधीशांनीच सरकारी पक्षाला लाचेचं कलम सिद्ध करणं अवघड जाईल असं बंद दाराआड सुचवल्याच्या बातम्या आल्या होत्या. म्हणजे ते सुटूही शकतात. माझा मुद्दा ते दोषी आहेत असा नाहीच.

आता तारखांकडे वळू. २०१८ च्या डिसेंबरात नेतान्याहूंनी निवडणूक मुदतीआधी घ्यायचं ठरवलं. मुदत नोव्हेंबर २०१९ पर्यंत होती. कारण सांगितलं ते असं, की कर्मठ हरेदी तरुणांच्या लष्करभरतीच्या कायद्यावर आघाडीत एकमत होत नाही आणि १२० जणांच्या क्नेसेटमध्ये, म्हणजे तिथल्या संसदेत, सरकारकडे जेमतेम ६१ आहेत. कारण खोटं नव्हतं. पण त्याच महिन्याच्या २ तारखेला पोलिसांनी बेझेक प्रकरणात आरोपपत्राची शिफारस केली होती आणि फाइल महान्यायवादी अविचाई मँडेलब्लिट यांच्या टेबलावर पोचायच्या बेतात होती. निवडणूक ९ एप्रिलला लावली. मँडेलब्लिट यांनी २८ फेब्रुवारीला, म्हणजे मतदानाला चाळीस दिवस उरले असताना, आरोप ठेवण्याचा आपला इरादा जाहीर केला. झालं. निवडणुकीच्या तोंडावर आरोप म्हणजे निवडणुकीत ढवळाढवळ, अशी हाकाटी सुरू झाली. निवडणूक तोंडावर कोणी आणून ठेवली होती, हे त्या गदारोळात कोण विचारणार! हे मँडेलब्लिट पूर्वी याच नेतान्याहूंचे मंत्रिमंडळ सचिव होते आणि महान्यायवादीपदी त्यांची नेमणूकही याच सरकारने केली होती, तेवढं ध्यानात ठेवायला हवं.

एप्रिलच्या निकालात नेतान्याहूंच्या लिकुड पक्षाला ३५ आणि विरोधातल्या बेनी गँट्झ यांच्या ‘निळा-पांढरा’ आघाडीला ३५. सरकार बनवायची पहिली संधी नेतान्याहूंना मिळाली. मुदत २९ मेच्या मध्यरात्रीपर्यंत. एका छोट्या पक्षाचे नेते अविग्दोर लिबरमन आपल्या पाच जणांसह अडून बसले. पुन्हा तोच लष्करभरतीचा कायदा. रिवाजाप्रमाणे अशा वेळी पंतप्रधान राष्ट्रपतींकडे जातो, जमलं नाही म्हणून सांगतो आणि राष्ट्रपती दुसऱ्याला बोलावतात. तसं झालं असतं तर रूव्हेन रिव्हलिन यांनी बहुधा गँट्झना बोलावलं असतं. पण घड्याळात बारा वाजून गेल्यावर क्नेसेटने ७४ विरुद्ध ४५ मतांनी स्वतःलाच बरखास्त केलं. सभागृहाची शपथ होऊन पुरता महिना झाला होता, एवढंच. डावात हरायची वेळ आली की पत्तेच उधळून द्यायचे, असं आम्ही लहानपणी करायचो. मोठी माणसं ते कायद्यात बसवून करतात.

तिसरी गोष्ट तर मी लोकांना सांगतो तेव्हा त्यांना पटत नाही. २०२० च्या मे महिन्यात करोनाचं निमित्त होऊन गँट्झ नेतान्याहूंबरोबर सरकारात गेले. करार असा, की दीड वर्ष नेतान्याहू आणि नोव्हेंबर २०२१ पासून गँट्झ पंतप्रधान. करार मोडून निवडणूक लादली गेली तर मधल्या काळात गँट्झच पंतप्रधान होतील, अशी तरतूदही घालून ठेवली. एक फट मात्र राहिली. अर्थसंकल्प मुदतीत मंजूर झाला नाही तर क्नेसेट आपोआप बरखास्त होतं, आणि तशा बरखास्तीत ही तरतूद लागू नव्हती. करारात दोन वर्षांच्या अर्थसंकल्पाचं ठरलं होतं. नेतान्याहू म्हणाले, एकाच वर्षाचा आणू. वाद ऑगस्टपर्यंत ताणला, मग मुदत चार महिने वाढवून घेतली, आणि २२ डिसेंबरच्या मध्यरात्री ती मुदतही उलटली. मार्च २०२१ मध्ये चौथी निवडणूक. इस्रायलने मार्च २०१८ नंतर थेट नोव्हेंबर २०२१ मध्येच नवा अर्थसंकल्प मंजूर केला, तोही नेतान्याहू पायउतार झाल्यावर. मधल्या काळात आधीच्या अर्थसंकल्पाचा बारावा हिस्सा दरमहा काढून गाडा हाकला. साथीच्या दिवसांत! घरात आजारपण चालू आहे आणि कर्ता पुरुष गेल्या वर्षीच्या वहीतून किराणा भरतोय, तसलाच प्रकार. मागे न्यायालयाचं काम पुढे सरकतच होतं आणि नेतान्याहूंना खुर्चीवरून उतरून त्या बाकावर बसायचं नव्हतं, हे इस्रायलमधल्या शाळकरी पोरालाही ठाऊक होतं.

यावर कोणी म्हणेल, राजकारणी सोयीची वेळ साधतातच. ब्रिटनमध्ये पंतप्रधान साधतो, आपल्याकडेही विधानसभा मुदतीआधी विसर्जित करून निवडणुका घेतल्या गेल्या आहेत. खरं आहे. महागाई वाढायच्या आत मतं मागावीत, एवढा हिशोब कोणीही करतो आणि त्यात मला फार गैर वाटत नाही. पण तिथे निवडणूक लांबली किंवा लवकर आली तर फायदा-तोटा पक्षाचा होतो, सरकारचा होतो. इथे तारखेवर एका माणसाचं तुरुंगात जाणं-न जाणं टांगलेलं असतं. आणि हा भेद मी काढलेला नाही. २००८ मध्ये पंतप्रधान एहुद ओल्मर्ट यांच्यावर चौकश्यांचा ससेमिरा लागला तेव्हा विरोधी पक्षनेत्याने ठणकावून सांगितलं होतं, की गळ्यापर्यंत चौकशीत बुडालेल्या पंतप्रधानाला देशाच्या भवितव्याचे निर्णय घेण्याचा नैतिक अधिकार उरत नाही, कारण तो देशाचं हित न पाहता स्वतःच्या राजकीय जिवासाठी निर्णय घेईल अशी रास्त भीती असते. त्या विरोधी पक्षनेत्याचं नाव बेंजामिन नेतान्याहू.

ओल्मर्टांची कथा या बाबतीत सगळ्यांनीच नीट वाचावी. नेतान्याहूंचे विरोधक ती अर्धीच सांगतात. मॉरिस तालान्स्की या अमेरिकी व्यावसायिकाने पाकिटांतून रोख रक्कम दिल्याची साक्ष दिली. (‘पाकीट’ हा शब्द मराठीत जे काम करतो तेच तिकडेही करतो, असं दिसतं.) ओल्मर्ट आरोपपत्राची वाट न पाहता सप्टेंबर २००८ मध्ये राजीनामा देऊन मोकळे झाले. त्यांच्या पक्षाच्या नव्या नेत्या त्झिपी लिव्हनी यांना आघाडी जमवता आली नाही, फेब्रुवारी २००९ मध्ये मुदतपूर्व निवडणूक झाली आणि नेतान्याहू सत्तेवर आले. आता पुढचं. २०१२ मध्ये तालान्स्की प्रकरणासह मुख्य आरोपांतून न्यायालयाने ओल्मर्टांना सोडलं. विश्वासभंगाचं एक तुलनेने किरकोळ कलम तेवढं उरलं. तेव्हा त्यांचे समर्थक संतापून विचारत होते, की निवडून आलेला पंतप्रधान सरकारी वकिलांनी फुकाफुकी घालवला, त्याची भरपाई कोण करणार? प्रश्न चुकीचा नव्हता. मग २०१४ मध्ये जेरुसलेमच्या होलीलँड बांधकाम प्रकल्पात लाच घेतल्याबद्दल ते दोषी ठरले, नव्या ध्वनिफितींमुळे तालान्स्की प्रकरणही पुन्हा उभं राहिलं, आणि फेब्रुवारी २०१६ मध्ये ते मासियाहू तुरुंगात गेले. सोळा महिन्यांनी सुटले.

यातून काय घ्यायचं? २०१२ मध्ये थांबलात तर राजीनामा चूक ठरतो, २०१४ मध्ये थांबलात तर बरोबर. म्हणून दोषी की निर्दोष या उत्तरावर राजीनाम्याची नीती उभी करण्यात अर्थ नाही. ते उत्तर येईपर्यंत सहा-सात वर्षं गेलेली असतात. ओल्मर्टांनी त्या मधल्या काळात एकच गोष्ट केली. आपला खटला आणि देशाचं वेळापत्रक यांची गाठ सोडवली.

अलिबागच्या इस्रायल आळीतून १९६९ साली लोदला गेलेली आमची एक मावशी आहे. सख्खी नव्हे, पण माझ्या आईच्या वर्गातली, म्हणून मावशी. बेने इस्रायली, म्हणजे कोकणातले ज्यू; जुन्या लोकांच्या भाषेत शनवार तेली. पंचाहत्तरी उलटलीय. व्हॉट्सअॅपवर अजून अस्सल आगरी वळणाच्या मराठीत बोलते आणि मध्येच हिब्रूत शिव्या देते. पाचव्या निवडणुकीनंतर, म्हणजे नोव्हेंबर २०२२ मध्ये, तिचा फोन आला होता.

“चार वर्षांत पाच वेळा मत टाकलं रे. तेवढ्या वेळा तर मी मशिदीत पण गेले नाही.” (अलिबागेत सिनेगॉगला मशीदच म्हणायचे.)

“कोणाला दिलंस?” मी विचारलं.

“बिबीला. दरवेळी बिबीला.” (बिबी म्हणजे नेतान्याहू.)

“अगं, पण ते सिगार...”

“चिरूट ओढले तर ओढले. बाकीचे काय धुतल्या तांदळासारखे आहेत? आम्ही इथे आलो तेव्हा आमच्या लग्नालासुद्धा खळखळ करणारे हेच मोठे लोक होते ना? आता तेच कोर्टात बसून आम्हाला शिकवणार?”

मावशीचं वाक्य मी उडवून लावत नाही, त्यामागे इतिहास आहे. साठच्या दशकाच्या सुरुवातीला इस्रायलच्या मुख्य रब्बींनी बेने इस्रायलींच्या लग्नाआधी पूर्वजांची चौकशी करण्याचा आदेश काढला होता. कोकणात दीड-दोन हजार वर्षं शब्बाथ पाळलेल्या लोकांना तुम्ही पुरते ज्यू आहात का म्हणून विचारलं गेलं. माणसं रस्त्यावर उतरली आणि १९६४ मध्ये क्नेसेटला ठराव करावा लागला, की बेने इस्रायली सर्वार्थाने ज्यू आहेत. मोरोक्को, इराक, येमेनहून आलेल्यांच्या वाट्याला याहून वाईट वागणूक आली. तंबूंच्या छावण्या, वाळवंटातली दिमोनासारखी गावं. तेव्हाचं सरकार, कामगार संघटना, विद्यापीठं, न्यायालयं, सगळीकडे युरोपातून आलेल्यांचा वरचष्मा. १९७७ मध्ये मेनाखेम बेगिन यांनी या दुखावलेल्यांना साद घालून सत्ता पालटली आणि लिकुडचा पाया तिथे पक्का झाला. दिमोनात आजही लिकुडला भरभरून मतं पडतात. तेव्हा लिकुडचा मतदार भोळा किंवा विकला गेलेला आहे असं समजणाऱ्यांना तो देश कळलेला नाही. न्यायालयावरचा त्याचा अविश्वास नेतान्याहूंनी वापरून घेतला, हे खरं. पण तो त्यांनी जन्माला घातलेला नाही.

पण मावशीच्या बोलण्यातच माझा मुद्दा सापडतो. तिने लग्नाच्या जुन्या अपमानासाठी मत दिलं. सुरक्षेसाठी दिलं, ‘त्या’ लोकांना धडा शिकवायचा म्हणून दिलं. तिकडे मतदान यंत्रावर होत नाही. पुठ्ठ्याच्या आडोशामागे खाच्याखाच्यांचा एक ट्रे असतो, प्रत्येक खाच्यात एकेका पक्षाच्या चिठ्ठ्या, वर ठळक हिब्रू अक्षरं. लिकुडची मेम-हेत-लामेद. एक चिठ्ठी उचलायची, पाकिटात घालायची, पेटीत टाकायची. त्या चिठ्ठीवर ‘पंतप्रधानांनी एलोविचकडून लाच घेतली का?’ असा प्रश्न छापलेला नसतो. मावशीने बेझेकची कागदपत्रं वाचलेली नाहीत आणि वाचावीत अशी अपेक्षाही नाही. तिच्या मतातून तिच्या मनातली चीड समजते, आशा समजते. पुराव्याचं वजन कसं समजणार?

निकालाचं गणित पाहिलं की ‘जनतेने दिलेला कौल’ किती पातळ असतो तेही दिसतं. २०२२ मध्ये नेतान्याहूंच्या आघाडीला ६४ जागा मिळाल्या आणि लगेच सांगितलं गेलं, की जनतेच्या दरबारात ते निर्दोष ठरले. क्नेसेटमध्ये शिरायला एकूण मतांपैकी किमान ३.२५ टक्के मतं लागतात. डाव्यांचा मेरेत्झ पक्ष ३.१६ टक्क्यांवर अडकला, जेमतेम चार हजार मतांनी बाहेर राहिला. एका मध्यम वस्तीच्या मतदान केंद्रांवर रांगा थोड्या लांबल्या असत्या तर बहुमत निसटलं नसतं तरी आकडा नक्की खाली आला असता. मग निर्दोषत्वही तेवढ्याच टक्क्यांनी कमी झालं असतं का?

उलट टोकाचं उदाहरण आपल्याकडचं. मद्यधोरण प्रकरणात अरविंद केजरीवाल यांना मार्च २०२४ मध्ये अटक झाली. सहा महिने त्यांनी मुख्यमंत्रिपद सोडलं नाही. सप्टेंबरात जामिनावर सुटल्यावर मात्र राजीनामा जाहीर केला आणि मागणी केली, की दिल्लीची निवडणूक महाराष्ट्राबरोबर नोव्हेंबरातच घ्या; जनता प्रामाणिक म्हणेल तेव्हाच खुर्चीत बसेन. आयोगाने निवडणूक वेळेवरच घेतली. फेब्रुवारी २०२५ मध्ये त्यांचा पक्ष हरला, ते स्वतःही नवी दिल्लीतून हरले. त्या पराभवाने ते त्या प्रकरणात दोषी ठरले का? अजिबात नाही. मतदार हरवतो तेव्हा गुन्हा सिद्ध होत नसेल, तर तो जिंकवतो तेव्हा गुन्हा पुसला जातो असं म्हणायचा अधिकार कुणालाही नाही.

मावशीच्या अलिबागच्याच जिल्ह्याचे ए. आर. अंतुले. कुलाबा जिल्ह्याचं नाव रायगड केलं ते त्यांनीच. सिमेंटच्या वाटपाच्या बदल्यात त्यांच्या न्यासांना देणग्या मिळाल्या असा निष्कर्ष मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती लेंटिन यांनी जानेवारी १९८२ मध्ये काढला आणि अंतुल्यांना मुख्यमंत्रिपद सोडावं लागलं. काँग्रेसश्रेष्ठींच्या मनाविरुद्ध चिकटून राहायची सोय तेव्हा नव्हती, हा भाग वेगळा. फौजदारी खटला वर्षानुवर्षं चालला, १९८८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींच्या पीठापर्यंत गेला. दरम्यान कोकणातल्या लोकांनी त्यांना पुन्हा पुन्हा निवडून दिलं, पुढे ते केंद्रात मंत्रीही झाले. मला या क्रमात काही वावगं दिसत नाही. लोकांना त्यांचं काम आवडत होतं, त्यांनी मत दिलं. कोर्ट आपलं काम करत राहिलं. मुख्यमंत्र्याच्या खुर्चीवर बसून, खटल्याच्या तारखा बघून विधानसभा मोडायची संधी त्यांना नव्हती.

मग सरळ कायदाच करावा की आरोप आला की खुर्ची गेली? अनेकांना हे आवडतं. मला त्याची भीती वाटते. ऑगस्ट २०२५ मध्ये आपल्या संसदेत १३० वी घटनादुरुस्ती मांडली गेली: पाच वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात सलग तीस दिवस कोठडीत राहिलेला पंतप्रधान, मुख्यमंत्री, मंत्री पदावरून जाईल. ऐकायला झकास. पण तीस दिवस कोठडीत ठेवणं हे निकालावर नसतं. ते तपास यंत्रणेवर आणि जामिनाच्या कूर्मगतीवर असतं. ज्याच्या हातात यंत्रणा तो दुसऱ्याचा मुख्यमंत्री महिन्याभरात घालवू शकेल. आरोपीच्या हातची तारीख काढून फौजदाराच्या हातात दिली, एवढाच फरक. इस्रायलमध्ये साध्या मंत्र्याला आरोपपत्र आल्यावर जावं लागतं, १९९३ च्या अरिये देरी प्रकरणापासून न्यायालयाचा तसा दंडक आहे. पंतप्रधानाला मात्र अंतिम दोषसिद्धीपर्यंत राहता येतं. मे २०२० मध्ये ११ न्यायमूर्तींनी एकमताने सांगितलं, की आरोपी असूनही नेतान्याहू सरकार बनवू शकतात. तेव्हा पुष्कळ जण चिडले. माझ्या मते न्यायमूर्तींचं बरोबर होतं. पंतप्रधान कोण हे सरकारी वकिलाने ठरवू नये.

मात्र पंतप्रधानपद राहणं आणि त्या पदाच्या सगळ्या किल्ल्या राहणं यात अंतर आहे. २०२५ मध्ये काय झालं पाहा. जी लष्करभरती २०१८ मध्ये निवडणूक आणायचं कारण होती, तीच आता निवडणूक टाळायचं कारण झाली. हरेदी पक्ष रागावले, विरोधकांनी बरखास्तीचा ठराव आणला, रस्त्यावर दोन वर्षं ‘आता निवडणूक घ्या’ म्हणून माणसं ओरडत होती. १२ जूनच्या पहाटेपर्यंत बसून समेट घडवला गेला आणि ठराव ६१ विरुद्ध ५३ मतांनी पडला. त्याच दिवसांत पंतप्रधान तेल अवीवच्या न्यायालयात साक्ष देत होते. ही साक्ष १० डिसेंबर २०२४ ला सुरू झाली, सुरक्षेपायी तळघरातल्या दालनात. पहिल्याच दिवशी त्यांनी सांगितलं, की कामाच्या रगाड्यात सिगार धड ओढूनही होत नाही आणि शॅम्पेन तर आपल्याला आवडतच नाही. मग युद्ध, परदेश दौरे, तातडीच्या बैठका. सुनावणी कधी लवकर संपे, कधी रद्द होई. घाई सोयीची होती तेव्हा निवडणुकांमागून निवडणुका, आणि आता थांबणं सोयीचं, तर मुदत पुरी भरायची. दोन्ही गोष्टी कायद्यात बसतात. किल्ली दोन्हीकडे फिरते.

त्यात नोव्हेंबर २०२५ ची भर. ऑक्टोबरात डोनाल्ड ट्रम्प यांनी क्नेसेटमध्ये उभं राहून सिगार नि शॅम्पेनची काय पत्रास असं म्हणत राष्ट्रपती इत्झाक हेर्झोग यांना माफी देऊन टाका म्हटलं. माझ्या मावशीचंच वाक्य, पण तिला लग्नाच्या अपमानाचं तरी निमित्त होतं. मग ट्रम्प यांचं पत्र आलं आणि ३० नोव्हेंबरला नेतान्याहूंनी १११ पानांचा माफीचा अर्ज दिला. त्यात गुन्ह्याची कबुली नाही. राष्ट्राच्या ऐक्यासाठी खटला थांबवा, एवढंच. दोषसिद्धीआधी माफीचा तिकडे दाखला आहे. १९८६ मध्ये बस क्रमांक ३०० च्या प्रकरणात पकडलेल्या अतिरेक्यांना ठार मारणाऱ्या गुप्तचरांना तेव्हाचे राष्ट्रपती खाइम हेर्झोग यांनी खटल्याआधीच माफी दिली. ते आत्ताच्या राष्ट्रपतींचे वडील. पण त्या गुप्तचरांचा प्रमुख नोकरी सोडून गेला होता. माफीही हवी आणि खुर्चीही हवी, असं त्याने म्हटलं नव्हतं.

तेव्हा मी मागतो ते एवढंच. पंतप्रधानावर आरोपपत्र दाखल झालं की सरकार पक्षाकडून बरखास्तीचा ठराव येता कामा नये. विश्वास गेला तर सभागृहाने दुसरा नेता निवडून त्याला उतरवावं. इस्रायलच्या कायद्यात २०१४ पासून तशी रचनात्मक अविश्वासाची सोय आहेच. सरकार बनवायला जमलं नाही तर संधी दुसऱ्याकडे गेलीच पाहिजे, मध्यरात्री पत्ते उधळता येऊ नयेत. अर्थसंकल्पासारख्या कामचलाऊ मुदतीचा सापळा करता येऊ नये. आणि खटला रोज चालावा. सोयीच्या दिवशी साक्ष आणि गैरसोयीच्या दिवशी राष्ट्रहित, हे बंद व्हावं. यात कोणाचं मत हिरावलं जात नाही. मावशी मुदतीच्या निवडणुकीला जाऊन खुशाल बिबीचीच चिठ्ठी उचलेल.

हे करणार कोण, हा प्रश्न मला ठाऊक आहे. ज्या सभागृहात त्याचं बहुमत, त्यानेच त्याच्या किल्ल्या काढून घ्यायच्या! पण एक धागा तिथल्या न्यायालयानेच दिलाय. मार्च २०२३ मध्ये नेतान्याहूंच्या बहुमताने मूलभूत कायदा बदलला: पंतप्रधानाला ‘काम करण्यास असमर्थ’ ठरवायचं तर फक्त शारीरिक किंवा मानसिक कारणावरून. मतलब उघड होता, खटल्यातल्या हितसंबंधांच्या कारणावरून कोणी हटवू नये. जानेवारी २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा रद्द केला नाही. फक्त म्हटलं, हा एका माणसासाठी बेतलेला आहे, म्हणून तो पुढच्या क्नेसेटपासून लागू होईल. ज्याच्यासाठी शिवला त्याला त्या मुदतीत घालता येणार नाही. हेच तत्त्व उलट बाजूनेही वापरता येतं: तारखेचे नियम आज ठरवा, लागू पुढच्या सभागृहापासून करा, म्हणजे आजच्या कोणा एकाचा काटा काढला असं होणार नाही. त्या निकालात न्यायमूर्ती सहा विरुद्ध पाच असे विभागले गेले होते.